वार्निशचे दोन हात

वार्निशचा डबा मी आजही दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. स्टूल ओढून वर चढेपर्यंत माणसाला विचार करायला थोडा वेळ मिळतो. त्या दिवशी मला तो मिळाला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. वेळ भरपूर होता.

दुकान मूळ बाबांचं. ठाण्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला शिंपी आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. बाबा फक्त स्पीकर दुरुस्त करायचे. रेडिओ नाही, टेप नाही. कुणी मिक्सर घेऊन आलं तर त्याला पायरीवरूनच परत पाठवायचे. लग्नाच्या मंडपातले, कोळीवाड्यात हळदीला वाजून वाजून फाटलेले, मंडळांचे, ऑर्केस्ट्रावाल्यांचे स्पीकर आमच्याकडे येत. स्पीकर म्हणजे तसं साधं यंत्र. मागे लोहचुंबक, त्याच्या खाचेत तांब्याच्या तारेची कॉइल, आणि कॉइलला चिकटवलेला कागदाचा कोन. कॉइल पुढे-मागे हलते, कोन तिच्याबरोबर हलतो आणि हवा ढकलतो. आपण त्याला आवाज म्हणतो. कॉइल जळते किंवा कोन फाटतो, आणि आम्ही जेवतो.

बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली तरी माझ्या अर्जांना कुणी उत्तर देईना, तेव्हा मी दुकानात बसायला लागले. बोटं बारीक होती, कॉइल भरायला बरी पडली. पण कॉइल भरणं वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर स्पीकर उघडणं वेगळं. बाबा आतल्या बाजूला असले की लोक माझ्याशी गोड बोलायचे. बाबा नसले की "मग नंतर येतो" म्हणून काढता पाय घ्यायचे. एकाने तर मला सरळ विचारलं होतं, "तुम्ही नुसता निरोप देणार ना?" मी म्हटलं, "नाही, मी नुसतं बिल देणार." तो परत आला नाही. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

रंगीत टीव्ही घरोघर यायला लागले होते त्या सुमाराची गोष्ट. बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते हिरवी पट्टी बांधून घरी बसले. गणपती तोंडावर आलेले. दुकान माझ्या एकटीच्या अंगावर पडलं. त्यात दादा आले.

त्यांना मी दादाच म्हणायचे. वर्तकनगरच्या कॉलनीत राहायचे, दिवसा एका कारखान्यात प्रेसवर पत्र्याचे तुकडे कापायचे आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मग लग्नं, मग गणपती आणि नवरात्र. बाबांना ते "जय भीम" म्हणायचे. बाबा सुरुवातीला "नमस्कार" म्हणायचे, आणि कधीतरी, कुणी न सांगता, तेही "जय भीम" म्हणायला लागले होते.

दादांनी पंधरा इंची स्पीकर दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला होता. कोन काठाजवळ फाटलेला, कॉइल जळून काळी झालेली.

"बाबा नाहीत?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी आहे."

मी वाट बघत होते, आता म्हणतील नंतर येतो. त्यांनी स्पीकर काउंटरवर ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "मग ताई, तुम्हीच करा. फक्त एक सांगतो. हा गायकाचा स्पीकर नाय."

आणि मग ते स्टुलावर बसून मला समजावत राहिले. बेस गिटारला चार जाड तारा. सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम चाळीसेक वेळा थरथरते. एवढा खालचा सूर हवेत उभा करायचा तर कोनाला लांब पल्ला मारावा लागतो, चांगला बोटभर आत-बाहेर. म्हणून कोन अंगाने जाड आणि ताठ पाहिजे, नाहीतर ढकलताना तोच वाकतो आणि आवाज फाटतो. पण काठ मात्र मऊ पाहिजे. काठ मऊ नसेल तर अंग कितीही दणकट असू दे, ते हलणारच कुठे? गायकाच्या स्पीकरचं उलटं. त्याचा कोन हलका, काठ कागदाचाच, चुण्या पाडलेला आणि आखडलेला. त्याला लांब जायचंच नसतं, फक्त चपळ राहायचं असतं.

"गायकाच्या स्पीकरला घसा लागतो," दादा म्हणाले, "बेसच्या स्पीकरला छाती लागते."

हे असं बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. बाबा हाताला कळेल तेवढंच शिकवायचे. मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे, आणि ते पान उघडायची मला लाज वाटते.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रेसचा आवाज वाईट. दिवसभर ठाण, ठाण, ठाण. घरी गेलं तरी कानात बारीक शिट्टी वाजत राहते. त्यांच्या खात्यातल्या दोघा-तिघांचे कान गेले होते. "माझी रोजची एक टेस्ट आहे," ते हसत म्हणाले. "घरी गेलो की स्पीकरच्या बॉक्सवर हात ठेवायचा आणि जाडी तार सोडायची. हाताला लागली आणि कानाला पण लागली की समजायचं, आपण अजून आहोत."

मुंबईच्या बाजारातून मी बरोबर कोन आणला. जाड, खरखरीत कागदाचा आणि कापडी काठाचा. कॉइल भरली, मधोमध बसवली, कुठे घासत नाही ना ते तीनदा बघितलं. इतकं नीट काम मी तोवर केलं नव्हतं. राहिला होता फक्त काठाचा लेप. कापडातून हवा जाऊ नये म्हणून त्याला बाबांनी घोटलेला एक तपकिरी चिकट लेप द्यायचा असतो. तो कधीच पुरता सुकत नाही. सुकत नाही म्हणूनच काठ मऊ राहतो.

भाद्रपदातली दमट हवा, त्यात शेजारी गिरणी. सकाळी येऊन बघते तो काठावर पिठाची पांढरी पूड बसलेली, आणि वर झाकलेल्या वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटलेला. मला आठवडाभरापूर्वीचा मंडळाचा कार्यकर्ता आठवला. त्याच्या स्पीकरचा लेप बोटाला लागला म्हणून त्याने भर गल्लीत आरडाओरड केली होती, "बाईने ओलं काम दिलंय." शिंपी सुईत दोरा ओवायचा थांबून बघत होता. बाबांच्या हातचा लेपही असाच चिकट असायचा, पण तेव्हा कुणी ओलं काम म्हणत नसे.

तर मी तो लेप पुसून काढला आणि वार्निश घेतलं. पावसाळ्यात कागद ओलावू नये म्हणून गायकांच्या स्पीकरच्या कोनांना आम्ही ते मारायचो, तासाभरात कडकडीत वाळायचं. मी त्याचे दोन हात दिले. कोनाला दिले, आणि काठालाही दिले. वही काउंटरखालीच होती. काठ मऊ पाहिजे हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी मनाशी म्हटलं, पातळ तर आहे, एवढ्याने काय होतंय. शंभराच्या बल्बखाली स्पीकर ठेवला. संध्याकाळी तो असा चकाकत होता, की मी शिंप्याला मुद्दाम बोलावून दाखवला.

आमच्याकडे दुरुस्त झालेला स्पीकर दोन प्रकारे तपासायचे. एक, सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावायची. लावली. आवाज मोठा, स्वच्छ, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असा. पण त्या कॅसेटमध्ये इतका खालचा सूर होताच कुठे? दुसरं म्हणजे दोन्ही अंगठे कोनावर ठेवून हलकेच दाबायचं. दादा स्पीकर न्यायला आले तेव्हा त्यांनी दाबलं. मग पुन्हा दाबलं.

"जरा ताठ वाटतोय, ताई."

"नवीन आहे ना. वाजून वाजून मोकळा होईल."

हे वाक्य आमच्या धंद्यात रोज बोललं जातं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. दादांनी मान डोलावली. मला डोंबिवलीच्या कार्यक्रमाचा पास दिला आणि म्हणाले, "या ऐकायला. तुमचंच काम आहे."

मी गेले. नवी साडी नेसून गेले, हे सांगायलाच हवं. डोंबिवलीतल्या एका मंडळाच्या मैदानात संध्याकाळचा कार्यक्रम होता. पुढच्या खुर्च्यांवर कार्यकर्त्यांच्या बायका, मागे सगळी सोसायटी. मी उजवीकडे बसले, दादांच्या बॉक्ससमोर, आपलं काम नीट ऐकू यावं म्हणून.

पहिलंच गाणं सुरू झालं आणि मी खुर्चीत पुढे सरकले. ढोलक होता, गिटार होती, गायिका होती. खालच्या सुरांचं काहीच नव्हतं. दादांची बोटं चालत होती, आणि त्यांच्या बॉक्समधून नुसतं टक, टक, टक येत होतं, कुणी पाटावर नखाने वाजवावं तसं. त्यांनी वाकून बटण वाढवलं. स्पीकर फरफरला. ऑर्केस्ट्राचा मालक कडेला उभा राहून वाजवणाऱ्यांना इशारे करत होता. ती फरफर ऐकून त्याने वळून बघितलं आणि हातानेच, काय चाललंय, असं विचारलं. दादांनी जाड तार सोडून दिली आणि वरच्या तारांवर वाजवायला लागले. वरच्या तारा थोड्याफार ऐकू येत होत्या.

मी बॉक्सकडे टक लावून बघत होते. स्टेजच्या दिव्यात कोन चमकत होता आणि जागच्या जागी होता. बोटभर तर सोडाच, तांदळाच्या दाण्याएवढाही हलत नव्हता. मी त्या छातीला पट्ट्या आवळून ठेवल्या होत्या. मला तिथेच, त्या खुर्चीवर, सगळं कळलं. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण नंतर कळलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

मध्यंतरात दादा खाली उतरून माझ्याकडे आले. मागोमाग मालकही आला.

"ताई, खालचं काहीच येत नाय," दादा म्हणाले. "जाडी तार तर लागतच नाय. स्पीकरमध्ये काय आहे का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालक म्हणाला, "अरे, पण मी बोललेलो तुला. बाईमाणसाच्या हातात कशाला दिलास? म्हातारा बरा होईपर्यंत थांबायचं ना!"

आसपासच्या चार बायकांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हटलं, "स्पीकर चांगला आहे. मला येतंय ऐकू."

मला येतंय ऐकू. एवढंच. मालकाला गप्प करायला बोलले होते. पण तो गप्प झाला नाही. गप्प झाले दादा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बॉक्सकडे, आणि मग त्यांचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. ते कानाची पाळी चोळत राहिले.

"खरंच येतंय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

इथे मला दुसरी संधी होती. मालक एव्हाना चहाकडे वळला होता. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "हो. चांगला येतोय की."

ते "बरं" म्हणाले आणि स्टेजवर गेले. उरलेला कार्यक्रम त्यांनी मान खाली घालून वाजवला.

विसर्जनानंतर ते स्पीकर घेऊन दुकानात आले. तक्रार करायला नाही. "माझ्या समाधानासाठी एकदा बघा फक्त," म्हणाले. "कानाच्या डॉक्टरकडे पण जाऊन आलो. मशीन लावून तपासलं. थोडं कमी झालंय बोलले. आता तार हाताला पण लागत नाय, प्रेसवर हात पण बधिर झालेत वाटतं." आणि हसले. ते हसू मला नको होतं.

स्पीकर दोन दिवस दुकानात होता. बाबांची पट्टी निघाली होती, जाड भिंगाचा चष्मा लावून ते दुपारी येऊन बसायचे. त्यांनी येता-जाता दोन्ही अंगठे कोनावर ठेवले. एकदाच दाबलं. मग माझ्याकडे बघितलं.

"काठाला वार्निश?"

मी मान हलवली.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

"आणि हे काढून लेप दे. तासाभराचं काम आहे."

तासाभराचंच होतं. थिनरचा बोळा, हलका हात, मग लेप. पण मी हिशेब केला. स्पीकर बरा केला, की दादा घरी जाऊन जाडी तार सोडणार आणि आवाज येणार. मग आधी का येत नव्हता? मग मला डोंबिवलीत काय ऐकू येत होतं? नीट केलेला स्पीकरच माझ्याविरुद्ध साक्ष देणार होता. तेव्हा मी त्याला हात लावला नाही. नुसता फडक्याने पुसला. दादा आले तेव्हा बाबा जेवायला घरी गेले होते. ती वेळ मीच सांगितली होती.

"तपासला," मी म्हटलं. "काही नाही. ठीक आहे."

डोंबिवलीत मी घाबरून बोलले होते, असं म्हणता येईल. हे मी शांत डोक्याने, काउंटरमागे उभं राहून, पुसलेल्या हातांनी केलं. बाबांनी नंतर विचारलं, "झालं ना सांगून?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी विश्वास ठेवला. खोटं बोलायची सवय लागायला मला फार दिवस लागले नाहीत.

नवरात्रात दादा वाजवत होते, असं ऐकलं, पण चुका करत होते. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तारा जोरात ओढायचे, मग सूर हलायचे. पुढच्या वर्षी मालकाने कीबोर्ड घेतला. त्यावर डाव्या हाताने बेस वाजतो आणि एक माणूस कमी लागतो. कीबोर्ड तेव्हा सगळ्याच ऑर्केस्ट्रांत येत होते. म्हणून मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं, की त्यांची जागा तशीही गेलीच असती. शिवाय कान तर खरंच कमी झाले होते, डॉक्टरनेच सांगितलं होतं. या दोन खुंट्यांवर मी माझं ओझं टांगून ठेवलं आणि धंदा केला. धंदा चांगला झाला. बाईच्या हाताला सफाई आहे, असं लोक म्हणायला लागले. असं कुणी म्हटलं की मी उगाच चिडायचे, आणि समोरच्याला कळायचं नाही का ते.

दादा पुन्हा दुकानात आले नाहीत.

दहाएक वर्षं गेली. बाबांना ऐकू येईनासं झालं म्हणून मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासणी झाली. डॉक्टर बोलका होता. मी स्पीकरचं काम करते म्हटल्यावर त्याने कागदावरचा आलेख माझ्यापुढे सरकवला आणि वयाने कान कसे जातात ते सांगायला लागला. सहज विचारल्यासारखं मी विचारलं, कारखान्याच्या आवाजाने कसे जातात?

"तसेच. आधी वरचे सूर," तो म्हणाला. "पक्षी, घड्याळाची टिकटिक, बायकांच्या बोलण्यातले बारीक आवाज. खालचे सूर सहसा शाबूत राहतात. प्रेसवरचा माणूस ट्रकचा आवाज शेवटपर्यंत ऐकतो."

बाबा शेजारी हसत बसले होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मी मात्र तो आलेख पुन्हा पुन्हा बघत राहिले. म्हणजे दादांना बेस ऐकू आला असता. तेव्हाही आला असता, नंतरही आला असता. ज्या एका गोष्टीने ते आपले कान रोज तपासायचे, ती त्यांच्याकडे होती, आणि ती नाही असं मी त्यांना पटवून दिलं होतं. एक खुंटी गेली, मग दुसरीही गेली; जागा कीबोर्डने नेली असेल, पण कानांवरचा त्यांचा विश्वास मीच नेला होता.

तरी मला जायला आठ महिने लागले. हे लिहितानाही राग येतो माझाच.

एका रविवारी दुपारी थिनरची बाटली, कापूस, ब्रश आणि लेपाची डबी पिशवीत टाकून वर्तकनगरला गेले. कॉलनीत विचारत विचारत घर सापडलं. दार वहिनींनी उघडलं. मी ठाण्याच्या स्पीकरच्या दुकानातली, असं सांगितल्यावर त्यांनी आत वळून जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "अहो! स्पीकरवाल्या ताई आल्यात!" दादा तिथेच, चार हातांवर खाटेवर बसले होते. केस पांढरे झाले होते. मला बघून उठले, "जय भीम, ताई," म्हणाले, आणि बाबा कसे आहेत ते विचारलं.

"बॉक्स आहे का अजून?" मी विचारलं.

होता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर टीव्ही.

"माझ्याकडून एक काम नीट झालं नव्हतं," मी म्हटलं. "ते करून द्यायचंय."

इथेच सगळं सांगायचं, असं मी रिक्षात दहा वेळा ठरवलं होतं. पण त्यांनी काही न विचारता टीव्ही उचलून खाली ठेवला, बॉक्स माझ्याकडे फिरवला, आणि मी खाली मान घालून कामाला लागले. मला वाटलं, स्पीकरच बोलेल माझ्यासाठी. भित्रेपणा असा, कबुलीसुद्धा दुसऱ्याकडून करून घ्यायची.

वार्निश पिवळं पडलं होतं, पण जिथल्या तिथे होतं. काठाच्या कापडाचा कणसुद्धा झिजला नव्हता. झिजायला आधी हलावं लागतं. मी थिनरचा बोळा फिरवत राहिले. खोलीभर वास पसरला. वहिनींनी खिडकी उघडली आणि "यांना वास चालतो, कानांचंच काय ते बिघडलंय!" असं मोठ्याने म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. त्या घरात सगळं मोठ्यानेच बोललं जात होतं. टीव्हीही मोठ्याने लावत असणार. थोडं थोडं करून कापड मऊ झालं, वार्निश बोळ्यावर उतरलं. मग लेप दिला. अंगठ्यांनी दाबून बघितलं. कोन अलगद आत गेला आणि अलगद परत आला.

"गिटार?" मी विचारलं.

त्यांनी माळ्यावरून काढली. तारा गंजलेल्या, पण चारही होत्या. अॅम्प्लिफायरला दोन चापट्या मारल्यावर लाल दिवा लागला. ते खाटेच्या कडेवर बसले, सूर लावला आणि सगळ्यात जाड तार सोडली.

आवाज आधी फरशीतून आला. मग फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून वाजले. मग तो सगळ्या खोलीत उभा राहिला. दादांनी एक हात पुढे करून बॉक्सवर ठेवला, बोटं कोनाच्या काठाला टेकली, आणि दुसऱ्याने तार पुन्हा सोडली. मग तिसऱ्यांदा. तिसरा आवाज पूर्ण विरेपर्यंत ते हलले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "खरं सांग. त्या दिवशी डोंबिवलीला तुला येत होतं ऐकू?"

त्यांनी मला तोवर कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "मला पण येत नव्हतं. मी काठाला वार्निश मारलेलं. तिथेच कळलेलं मला. मी खोटं बोलले, दादा. बेस ऐकायला तुमच्या कानांना काही झालेलं नव्हतं."

मला वाटलं होतं, ते ओरडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. कुठल्याही एकाची मी तयारी केली होती. ते माझ्याकडे बघतच नव्हते. बॉक्सवरचा हात त्यांनी उचलला, बोटांना लागलेला लेप बघितला आणि अंगठ्याने चोळत राहिले.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा, "चहा झालाय म्हटलं! ऐकलं का? चहा!"

"अगं, ओरडू नकोस," दादा म्हणाले. "हळू बोल. मला येतंय ऐकू."

वहिनी हातात ट्रे घेऊन दारात आल्या आणि थांबल्या. त्यांनी आधी दादांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून थिनरच्या बाटलीचं झाकण लावत होते. ते केव्हाच लागलेलं होतं.